रीनल मेड्युलरी कार्सिनोमा

रीनल मेड्युलरी कार्सिनोमा हा मूत्रपिंडाच्या आतल्या भागात, म्हणजे मेड्युलात, उद्भवणारा अत्यंत दुर्मिळ व वेगाने पसरणारा कर्करोग आहे. तो जवळजवळ नेहमी सिकलसेल जनुकाच्या वाहकांमध्ये, विशेषतः किशोरवयीन मुलांमध्ये व तरुणांमध्ये आढळतो. आयएनआय१ या प्रथिनाचा कर्कपेशींतील अभाव ही या रोगाची ओळख पटवणारी मुख्य खूण आहे. बहुतेक रुग्णांत निदान होईपर्यंत रोग लसीका ग्रंथी, फुप्फुसे, यकृत किंवा हाडांपर्यंत पोहोचलेला असतो.

पूर्व विदर्भातील चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत सिकलसेल जनुकाचे प्रमाण मोठे असल्यामुळे या रोगाची माहिती तेथील आरोग्यसेवेच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते. मात्र वाहकांच्या एकूण संख्येच्या तुलनेत हा कर्करोग फारच थोड्यांना होतो. सिकलसेल वाहक असणे म्हणजे कर्करोग असणे नव्हे.

## नामकरण व इतिहास

मूत्रपिंडाचा बाहेरील थर कॉर्टेक्स आणि आतील भाग मेड्युला या नावाने ओळखला जातो. मूत्रपिंडाचे नेहमी आढळणारे कर्करोग प्रामुख्याने कॉर्टेक्समध्ये सुरू होतात. प्रस्तुत कर्करोग मेड्युलात सुरू होत असल्याने त्यास हे नाव मिळाले.

या रोगाचे स्वतंत्र वर्णन १९९५ साली डेव्हिस, मोस्तोफी आणि सेस्टरहेन या विकृतिशास्त्रज्ञांनी केले. अमेरिकेच्या सैन्यदल विकृतिशास्त्र संस्थेत २२ वर्षांत जमा झालेल्या ३४ अर्बुदांचा त्यांनी अभ्यास केला. रुग्ण ११ ते ३९ वर्षे वयाचे होते आणि एक अपवाद वगळता सर्व आफ्रिकी वंशाचे होते. २४ वर्षांपर्यंतच्या वयोगटात मुलग्यांचे प्रमाण मुलींच्या तिप्पट होते, तर त्यापुढील वयात स्त्री-पुरुषांचे प्रमाण सारखे होते. अर्बुदाचा आकार ४ ते १२ सेंटिमीटर, सरासरी ७ सेंटिमीटर होता. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण सरासरी १५ आठवडे जगले.

सिकलसेलमुळे होणारे मूत्रपिंडाचे सहा विकार त्यापूर्वीच ज्ञात होते: लघवीतून रक्त जाणे, मेड्युलाच्या टोकांचा ऊतिनाश, नेफ्रॉटिक सिंड्रोम, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा खंडित होऊन होणारा ऊतिनाश, मूत्रपिंडाचा जंतुसंसर्ग आणि लघवी दाट करण्याची क्षमता कमी होणे. म्हणून या अभ्यासकांनी नव्या कर्करोगास ‘सातवा सिकलसेल मूत्रपिंडविकार’ असे म्हटले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००४ सालच्या वर्गीकरणात त्यास स्वतंत्र स्थान मिळाले. २०२२ सालच्या पाचव्या आवृत्तीत जनुकीय बदलांवरून ओळखल्या जाणाऱ्या मूत्रपिंड-कर्करोगांच्या गटात ‘एसएमएआरसीबी१-न्यून रीनल मेड्युलरी कार्सिनोमा’ या नावाने त्याची नोंद आहे.

## सिकलसेल आणि पूर्व विदर्भ

सिकलसेल हा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या स्थानावर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल येते आणि एचबी-एस हे हिमोग्लोबिन तयार होते. ऑक्सिजन कमी पडला की त्याचे रेणू एकमेकांस जोडले जाऊन लाल रक्तपेशी विळ्याच्या आकाराची व ताठर बनते. आई व वडील दोघांकडून हे जनुक मिळालेली व्यक्ती सिकलसेलग्रस्त (एसएस) असते. एकाकडूनच मिळालेली व्यक्ती वाहक (एएस) असते. वाहकास सहसा कोणताही त्रास होत नाही.

भारतात हे हिमोग्लोबिन १९५२ साली निलगिरीतील आदिवासींमध्ये प्रथम आढळले. मध्य भारतातील आढळाविषयी नागपूरच्या शुक्ल व सोळंकी यांचा लेख १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रात पुण्याचे डॉ. एस. एल. काटे यांनी केलेल्या दीर्घ पाहणीनुसार आदिवासी समाजांत वाहकांचे सरासरी प्रमाण सुमारे १० टक्के आहे. माडिया, परधान, ओतकर, भिल्ल व पावरा या समाजांत ते २० ते ३५ टक्क्यांपर्यंत आढळले. पूर्व विदर्भात हे जनुक अनुसूचित जातींतही मोठ्या प्रमाणावर आहे. हिवतापापासून, विशेषतः फाल्सिपेरम हिवतापाच्या गंभीर स्वरूपापासून, वाहकास लहानपणी काही संरक्षण मिळते. त्यामुळे हिवतापग्रस्त जंगलपट्ट्यात हे जनुक टिकून राहिले.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. सागवानी जंगलासाठी प्रसिद्ध असलेले आलापल्ली हे गाव त्याच्या अहेरी तालुक्यात आहे. भामरागड, एटापल्ली व सिरोंचा या दिशांना जाणारे रस्ते येथून फुटतात. आलापल्ली जिल्हा मुख्यालयापासून शंभराहून अधिक किलोमीटर दक्षिणेस आहे आणि विकृतिशास्त्राच्या विशेष चाचण्यांसाठी नागपूर हे त्याहूनही दूरचे केंद्र गाठावे लागते. निदानाच्या दृष्टीने या अंतराचा विचार पुढे केला आहे.

## कारणमीमांसा

### मेड्युलातील परिस्थिती

लघवी दाट करण्याचे काम मेड्युला करतो. त्यासाठी तेथे क्षारांचे प्रमाण फार वाढलेले असते, ऑक्सिजन कमी असतो आणि आम्लता अधिक असते. या तिन्ही गोष्टी एचबी-एस असलेल्या पेशीस विळ्याचा आकार देण्यास पोषक आहेत. म्हणूनच ज्या वाहकाच्या शरीरात इतरत्र रक्तपेशी गोल राहतात, त्याच्याही मेड्युलातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांत त्या विळ्यासारख्या होऊ शकतात. रक्तप्रवाह मंदावतो, लहान भागांचा ऊतिनाश होतो आणि झीज भरून काढण्यासाठी पेशी पुन्हापुन्हा विभागतात.

### जनुकीय बदल

२२ व्या गुणसूत्रावरील एसएमएआरसीबी१ हे जनुक कर्करोगास आळा घालणारे आहे. आयएनआय१ हे प्रथिन त्यापासून बनते. हे प्रथिन डीएनएची गुंडाळी सैल-घट्ट करणाऱ्या यंत्रणेचा एक घटक आहे. दीर्घकालीन ऑक्सिजनटंचाईत डीएनएच्या दोन्ही धाग्यांना तडे जातात आणि त्यांची सदोष दुरुस्ती होताना या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी होतात, असे मानले जाते. बहुधा एक प्रत गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन तुटते व दुसरी गळून पडते. हा बदल अर्बुदाच्या पेशींपुरता असतो. सिकलसेलचे जनुक आईवडिलांकडून येते, कर्करोग मात्र तसा येत नाही.

७० टक्क्यांहून अधिक रुग्णांत अर्बुद उजव्या मूत्रपिंडात असते. दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्यांच्या रचनेतील फरकाशी त्याचा संबंध जोडला जातो.

### जोखमीचे प्रमाण

प्रसिद्ध अंदाजानुसार २०,००० ते ३९,००० वाहकांपैकी एकास हा कर्करोग होतो, म्हणजे एक लाख वाहकांमागे सुमारे अडीच ते पाच व्यक्तींना. हे अंदाज मुख्यतः अमेरिकेतील आफ्रिकी वंशाच्या वाहकांवर आधारित आहेत. भारतातून प्रसिद्ध झालेली रुग्णवृत्ते मोजकी आहेत.

## लक्षणे

लघवीतून रक्त जाणे आणि कुशीत किंवा कमरेच्या एका बाजूस दुखणे ही सर्वांत नेहमीची लक्षणे होत. वजन घटणे, ताप, पोटात गाठ हाताला लागणे ही लक्षणेही आढळतात. मानेतील लसीका ग्रंथी सुजणे, खोकला किंवा हाडे दुखणे हे रोग पसरल्याचे चिन्ह असू शकते.

या लक्षणांपैकी कोणतेही केवळ याच रोगाचे नाही. मुतखडा, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग व मूत्रपिंडाचा क्षयरोग ही लघवीतून रक्त जाण्याची कितीतरी अधिक नेहमीची कारणे आहेत. शिवाय सिकलसेल वाहकाच्या लघवीतून कर्करोग नसतानाही रक्त जाऊ शकते. मेड्युलाच्या टोकांच्या ऊतिनाशामुळे होणारा हा रक्तस्राव बहुतेक वेळा विश्रांती व पुरेसे पाणी यांनी थांबतो. तो पाचपैकी सुमारे चार वेळा डाव्या मूत्रपिंडातून होतो, तर हा कर्करोग बहुधा उजवीकडे असतो. परंतु केवळ बाजूवरून निदान ठरवता येत नाही. वाहकाच्या लघवीतील रक्ताचा संबंध सिकलसेलशी लावून तपास तेथेच थांबवला गेल्यास अर्बुद नजरेआड राहू शकते. म्हणून तरुण वाहकाच्या लघवीतून रक्त गेल्यास मूत्रपिंडाची सोनोग्राफी करणे व कारण स्पष्ट न झाल्यास सीटी स्कॅन करणे योग्य मानले जाते.

## विकृतिशास्त्रीय वैशिष्ट्ये

### उघड्या डोळ्यांनी दिसणारे स्वरूप

कापलेल्या मूत्रपिंडात अर्बुद मध्यभागी दिसते. ते करडे-पांढरे किंवा फिकट तपकिरी, टणक व अस्पष्ट कडांचे असते. रक्तस्राव व ऊतिनाश यांचे डाग त्यात आढळतात. कॉर्टेक्समध्ये आणि मूत्रपिंडाच्या खोबणीतील चरबीत मुख्य अर्बुदापासून अलग अशा लहान गाठी असतात. अर्बुद ऊतींमध्ये झिरपत वाढते, त्यामुळे मोठे झाले तरी मूत्रपिंडाचा मूळ आकार पुष्कळदा टिकून राहतो.

### सूक्ष्मदर्शकाखालील स्वरूप

एकाच अर्बुदात पेशींच्या मांडणीचे अनेक प्रकार शेजारी शेजारी आढळतात. जाळीदार मांडणी सर्वांत ओळखीची असून ती बीजांडातील योक सॅक अर्बुदाची आठवण करून देते. चाळणीसारखी छिद्रे असलेले पुंजके, नलिका व अखंड थर हेही प्रकार दिसतात. पेशींची केंद्रके मोठी व अनियमित असून त्यांतील केंद्रिका ठळक असते. काही पेशींत केंद्रक एका बाजूस ढकललेले असून पेशीद्रवात गुलाबी गोळा दिसतो. या पेशींना रॅब्डॉइड पेशी म्हणतात. काही ठिकाणी श्लेष्मल द्रव्यही आढळते.

अर्बुदाभोवतीची प्रतिक्रिया निदानास तितकीच उपयोगी असते. पेशींच्या पुंजक्यांमध्ये दाट तंतुमय ऊती तयार होते. तिच्यात न्यूट्रोफिल पेशींची गर्दी असते व कधीकधी सूक्ष्म गळवे बनतात. कडेला लिम्फोसाइट पेशींचा पट्टा असतो. शिरांत व लसीकावाहिन्यांत शिरलेल्या कर्कपेशी बहुधा सापडतात.

रक्तवाहिन्यांत विळ्याच्या आकाराच्या लाल पेशी दिसणे हा मोलाचा धागा आहे. रुग्णाची सिकलसेल तपासणी झालेली नसेल तर पुष्कळदा येथेच ती शंका प्रथम येते. मात्र काढलेल्या ऊतीत ऑक्सिजन संपत जातो, त्यामुळे वाहकाच्याही पेशी विळ्यासारख्या दिसतात. केवळ काचपट्टीवरून वाहक व ग्रस्त यांतील भेद करता येत नाही.

### इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री

या तपासणीत विशिष्ट प्रथिनास चिकटणारी प्रतिपिंडे वापरून ते प्रथिन पेशीत आहे की नाही हे रंगावरून पाहिले जाते. आयएनआय१ तपासणीत कर्कपेशींची केंद्रके रंगहीन राहतात. त्याच काचपट्टीवरील लिम्फोसाइट व रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील निरोगी पेशींची केंद्रके मात्र तपकिरी रंग घेतात. निरोगी पेशींनीही रंग घेतला नसेल, तर चाचणी सदोष ठरते व अभावाचा निष्कर्ष काढता येत नाही.

पीएएक्स८ हे प्रथिन बहुतेक अर्बुदांत आढळते व अर्बुद मूत्रपिंडातून निघाले असल्याच्या शक्यतेस पुष्टी देते. मूलपेशींचे ओसीटी३/४ हे प्रथिन बहुसंख्य अर्बुदांत असते. ते जननपेशींच्या अर्बुदांतही असल्याने तरुण पुरुष रुग्णात गोंधळ होऊ शकतो.

## निदान

### रक्त व लघवीच्या तपासण्या

गावपातळीवर सिकलसेलसाठी सोल्युबिलिटी चाचणी केली जाते. ती स्वस्त व झटपट आहे. परंतु वाहक व ग्रस्त या दोहोंत ती सकारात्मक येते. भेद ठरवण्यासाठी हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी लागते. वाहकात एचबी-एसचे प्रमाण साधारण ३५ ते ४० टक्के असते. अल्फा थॅलेसेमियाचे जनुकही असल्यास ते आणखी कमी भरते. नुकतेच रक्त दिलेले असल्यास निष्कर्ष दिशाभूल करू शकतो, म्हणून नमुना शक्यतो रक्त देण्यापूर्वी घेतला जातो. लघवीतील पेशींची तपासणी नकारात्मक आली तरी अर्बुद नाही असे म्हणता येत नाही.

### प्रतिमा तपासणी

सोनोग्राफीत मूत्रपिंडाच्या मध्यभागी अस्पष्ट कडांची गाठ व तिच्याभोवती फुगलेल्या मूत्रनलिकांच्या वाट्या दिसतात. लहान अर्बुद सोनोग्राफीत सुटू शकते. रंगद्रव्य देऊन केलेल्या सीटी स्कॅनमध्ये अर्बुद भोवतालच्या ऊतीपेक्षा कमी उजळते. छाती व पोटाच्या स्कॅनवरून रोगाचा प्रसार ठरतो. प्रतिमेवरून संशय बळावतो, पण निश्चिती ऊतीच्या तपासणीनेच होते.

### नमुन्याची हाताळणी

सुईने घेतलेला तुकडा किंवा शस्त्रक्रियेत काढलेले मूत्रपिंड १० टक्के उदासीन फॉर्मॅलिनमध्ये ठेवले जाते. फॉर्मॅलिनचे आकारमान नमुन्याच्या किमान दहापट असावे लागते. अखंड मूत्रपिंडात द्रव आतपर्यंत पोहोचत नाही व मध्यभाग कुजू लागतो. या रोगाचे अर्बुद नेमके मध्यभागीच असते, म्हणून मूत्रपिंड उभे चिरून मगच द्रवात ठेवणे आवश्यक ठरते. प्रयोगशाळा लांब असल्यास ही काळजी अधिकच महत्त्वाची असते, कारण कुजलेल्या ऊतीवर आयएनआय१ तपासणी विश्वसनीय राहत नाही. मेणात बसवलेले ठोकळे मात्र दीर्घकाळ टिकतात. रुग्णास न हलवता ते नागपूर किंवा मुंबईच्या मोठ्या केंद्राकडे दुसऱ्या मतासाठी पाठवता येतात. सोबतच्या अर्जावर रुग्णाचे वय, अर्बुदाची बाजू आणि सिकलसेल चाचणीचा निष्कर्ष नोंदवलेला असल्यास विकृतिशास्त्रज्ञ आयएनआय१ तपासणी सुरुवातीसच मागवू शकतो.

### सदृश विकार

* कलेक्टिंग डक्ट कार्सिनोमा: जागा व रचना जवळजवळ सारखीच असते. रुग्ण बहुधा मध्यमवयीन किंवा वृद्ध असतो, सिकलसेलशी संबंध नसतो व आयएनआय१ टिकून असते.
* मॅलिग्नंट रॅब्डॉइड ट्यूमर: यातही आयएनआय१ नसते, पण रुग्ण बहुधा तीन वर्षांखालील बालक असते.
* फ्युमरेट हायड्रेटेज-न्यून कर्करोग: रचना सारखी दिसू शकते. फ्युमरेट हायड्रेटेज या विकराचा अभाव असतो व आयएनआय१ टिकून असते.
* एएलके जनुकबदल असलेला मूत्रपिंड-कर्करोग: याचा एक प्रकार सिकलसेल वाहक मुलांतच, मेड्युलातच आढळला आहे. आयएनआय१ टिकून असते. त्याचा वेग कमी असतो व एएलके-रोधक औषधे उपलब्ध आहेत, त्यामुळे हा भेद उपचाराच्या दृष्टीने निर्णायक ठरतो.
* युरोथेलियल कार्सिनोमा: मूत्रमार्गाच्या अस्तरातून निघून मूत्रपिंडात शिरतो. अस्तरातील सुरुवातीचे बदल व जीएटीए३ हे प्रथिन त्याकडे निर्देश करतात.
* क्षयरोग व जुनाट जंतुसंसर्ग: ताप, घटते वजन, पू व तंतुमय ऊती यांमुळे कर्करोगाशी गल्लत होते. भारतात ही शक्यता विशेष लक्षात घ्यावी लागते.

सिकलसेल जनुक नसलेल्या रुग्णातही क्वचित हुबेहूब असेच, आयएनआय१ नसलेले अर्बुद आढळते. म्हणून संशय आल्यास एचपीएलसीने हिमोग्लोबिनची खातरजमा करणे हा निदानाचाच भाग समजला जातो.

## उपचार व भवितव्य

मूत्रपिंडाच्या नेहमीच्या कर्करोगांवर चालणारी, रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारी औषधे या रोगात फारशी उपयोगी पडत नाहीत. प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधांचे परिणामही निराशाजनक राहिले आहेत. त्यामुळे रोगाचा नेमका प्रकार न ओळखता उपचार सुरू झाल्यास मोलाचा वेळ वाया जातो. प्लॅटिनमयुक्त केमोथेरपी, उदाहरणार्थ कार्बोप्लॅटिन व पॅक्लिटॅक्सेल, हा प्रथम पसंतीचा उपचार आहे. तिचा गुण न आल्यास जेमसायटाबिन व डॉक्सोरुबिसिन दिली जातात. योग्य रुग्णांत मूत्रपिंड व भोवतालच्या लसीका ग्रंथी शस्त्रक्रियेने काढल्या जातात. रोग पसरलेला असल्यास सहसा आधी केमोथेरपी व तिचा प्रतिसाद पाहून शस्त्रक्रिया असा क्रम ठेवला जातो.

अमेरिकेतील अनेक केंद्रांच्या ५२ रुग्णांच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मध्यक जीवितकाल १३ महिने होता. दीर्घकाळ जगलेल्या थोड्या रुग्णांपैकी बहुतेकांत रोग मूत्रपिंडापुरता मर्यादित असतानाच सापडला होता.

## प्रतिबंध व सामाजिक बाजू

या कर्करोगास प्रतिबंधक उपाय नाही. एवढ्या अल्प जोखमीसाठी सर्व वाहकांचे नियमित स्कॅन करण्याची शिफारसही केली जात नाही. पुरेसे पाणी पिणे, उन्हात व अतिश्रमात शरीर कोरडे पडू न देणे आणि लघवी लाल झाल्यास एकदाच झाली व थांबली असे समजून न सोडता तपासून घेणे, हे वाहकास सांगण्याजोगे साधे सल्ले आहेत. तेंदूपाने तोडणे, बांबू कापणे अशी कामे ऐन उन्हाळ्यात वा जंगलात दूरवर चालत असल्याने या पट्ट्यात त्यांना विशेष अर्थ आहे.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू केले. आदिवासीबहुल भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी व २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासणीचा मुख्य हेतू ग्रस्त बालकांचा जन्म टाळणे व रुग्णांवर उपचार करणे हा आहे. वाहक असल्याची नोंद हाताशी असणे या दुर्मिळ कर्करोगाच्या निदानासही साहाय्यभूत ठरते. त्याच वेळी वाहक म्हणजे रोगी हा समज लग्नसंबंधांत अडथळा व सामाजिक कलंक निर्माण करतो. कर्करोगाच्या उल्लेखाने त्यात भर पडू नये यासाठी जोखमीचे खरे प्रमाण समुपदेशनात स्पष्ट करणे आवश्यक असते: लाखो वाहकांपैकी बहुतेक सर्वजण या रोगाविना आयुष्य जगतात.